टाके घालण्याआधी

आरोग्याच्या सदरात मारामाऱ्यांचा विषय कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. पण फुटलेले डोके पुष्कळदा पोलीस चौकीआधी दवाखान्यात येते. ‘मोटारसायकलवरून पडलो,’ असे पेशंट सांगतो. जखम मात्र काठीची असते. टाके पडतात, भांडण तसेच राहते.

हिवताप आला की आपण नुसत्या गोळ्या देऊन थांबत नाही, साचलेले पाणी शोधतो. मारहाणीचेही असेच मूळ शोधता येते. ब्रिटनमधील कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड या शल्यचिकित्सकांनी ते करून दाखवले. मार कोठे बसला, केव्हा बसला आणि कशाने, एवढेच जखमींना रुग्णालयात विचारले जाई. नावे वगळून ही माहिती पोलीस व नगरपालिकेला नियमित मिळे आणि गस्त त्याप्रमाणे लागे. २००३ ते २००७ या काळात मारहाणीमुळे दाखल होणाऱ्यांचे प्रमाण तेथे लाख वस्तीमागे महिन्याला ७ वरून ५ वर आले. तशाच इतर शहरांत ते ५ वरून ८ वर गेले.

आपल्या राज्यातही उदाहरण आहे. भिवंडीने १९७० आणि १९८४ च्या भीषण दंगली सोसल्या. पुढे १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे पोलिसांसोबत बसून लहानसहान कुरबुरी वेळीच मिटवू लागली. १९९२-९३ साली मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. २००७ साली सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेचे सूत्रही हेच होते. मात्र घरातल्या बाईला झालेली मारहाण हा ‘मिटवण्याचा’ विषय नव्हे; तेथे कायद्याचीच मदत घेतली पाहिजे.

त्र्यंबकेश्वरात श्रावणी सोमवार असो, निवृत्तिनाथांची यात्रा असो की सिंहस्थ, गर्दी आपल्याला नवी नाही. गर्दीत धक्काबुक्की होते, रांगेवरून हातघाई होते, दारू त्यात भर घालते. बंदोबस्त, कॅमेरे हवेतच. पण कॅमेरा बहुधा मार बसल्यावरच उपयोगी पडतो.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. सरकारी रुग्णालय, खासगी डॉक्टर, पोलीस ठाणे, नगरपरिषद आणि गल्लीतील चार जाणती माणसे यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे. पेशंटचे नाव कोठेही न येता जागा, वेळ आणि हत्यार एवढीच नोंद समोर ठेवावी. एकाच कोपऱ्यावरून तीन जखमी आले, तर तेथे दिवा हवा, गस्त हवी की दारूचा गुत्ता बंद व्हायला हवा, हे लगेच उमजेल. खर्च एका वहीचा आहे. डोके फुटू न देणे हाही औषधोपचारच आहे.