संधी कुणाची, काम कुणाचं?



गेल्या वर्षभरात आमच्या कार्यालयात एक प्रश्न घेऊन येणाऱ्या मुलींची संख्या वाढली आहे. कुणी समाजकार्याची पदवी नुकतीच घेतलेली असते, कुणी एखाद्या प्रकल्पावर अकरा महिन्यांच्या करारावर काम करून आता रिकामी झालेली असते. "ताई, आंतरराष्ट्रीय संस्थेत काम कसं मिळतं? शांतता-निर्माणाचं प्रशिक्षण कुठे असतं? फेलोशिपचा अर्ज भरून द्याल का?" त्यांच्या हातात कुणीतरी पाठवलेली इंग्रजी जाहिरात असते आणि डोळ्यांत थोडी भीती, बरीच आशा. या मुलींना काय सांगावं, याचा विचार करताना मला स्वतःचीच एक गोष्ट आठवत राहिली. ती तुम्हाला सांगितल्याशिवाय या विषयावर लिहिणं प्रामाणिकपणाचं होणार नाही.

काही वर्षांपूर्वी अशीच एक जाहिरात माझ्याकडे आली होती. संघर्षग्रस्त भागात काम करणाऱ्या स्त्रियांसाठी परदेशात तीन आठवड्यांचं प्रशिक्षण, सगळा खर्च त्यांचा. वाचल्याबरोबर मला धानोरा तालुक्यातली आमची एक कार्यकर्ती आठवली. सातवीपर्यंत शिकलेली, गोंडी आणि मराठी दोन्ही बोलणारी, बारा वर्षं बचत गटाचं आणि ग्रामसभेचं काम करणारी. तिच्या गावात रात्री बंदूकवाले जेवण मागायला येत आणि सकाळी दुसरे बंदूकवाले 'कुणी जेवू घातलं' हे विचारायला येत. घरात एकटी सापडलेली बाई दोन्हीकडून भरडली जाई. हिने बायकांना जमवून एक साधा नियम घालून घेतला: कुणीही विचारायला आलं तरी एकटीने उत्तर द्यायचं नाही, हाक मारायची, सगळ्यांनी चावडीवर जमायचं आणि तिथे बोलायचं. हा नियम पुरुषांना पटवायला तिला दोन वर्षं लागली. पण तो टिकला.

मी तिच्यासाठी अर्ज भरायला बसले. पहिल्याच पानावर पदवीची अट. मग इंग्रजी येत असल्याचा दाखला, पारपत्र, दोन मान्यवरांची शिफारसपत्रं आणि 'आपल्या नेतृत्वाचं तत्त्वज्ञान' या विषयावर पाचशे शब्दांचा निबंध. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाली, "तुमीच जा जी ताई. आल्यावर आमाले सांगजा."

मी गेले. तिथे मी तिच्याच गावचं उदाहरण मांडलं आणि ते सगळ्यांना फार आवडलं. मला प्रमाणपत्र मिळालं, ओळखी झाल्या, पुढचं कामही त्या ओळखींतूनच मिळालं. परत आल्यावर तिने विचारलं, "मंग, माजं नाव सांगितलं का तिथं?" मी सांगितलं नव्हतं. माझ्या मांडणीत ती 'एक स्थानिक कार्यकर्ती' होती. नाव गुप्त ठेवणं तिच्या सुरक्षिततेसाठी होतं, असं मी तिला समजावू लागले. ते खोटं नव्हतं, पण नाव सांगू की नको हे मी तिला विचारलंही नव्हतं. ती त्यावर काही बोलली नाही.

ही चूक माझी, पण तसं करणारी मी एकटी नाही. आपल्या दोन जिल्ह्यांचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास पाहिला तर जगाने इथून किती घेतलं हे लक्षात येतं. १९८९ मध्ये डॉ. राणी बंग आणि 'सर्च'मधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना एखादा तरी स्त्रीरोग होता आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया १० टक्क्यांहूनही कमी होत्या. कुटुंबनियोजनापलीकडे बाईचं शरीर न पाहणाऱ्या आरोग्य-धोरणांना त्या अभ्यासाने हादरा दिला. १९९४ च्या कैरो परिषदेत प्रजनन आरोग्याचा जो व्यापक विचार मान्य झाला, त्यामागे जगभरच्या स्त्री-चळवळींइतकंच अशा पुराव्यांचंही बळ होतं. पदर बाजूला करून तपासणीला तयार झालेल्या त्या बायकांनी केवढं धाडस केलं असेल, हे खेड्यात काम करणाऱ्या आपल्याला सांगायला नको.

पुढे याच संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. या स्त्रियांचं शिक्षण पाचवी ते दहावी. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये ते प्रसिद्ध झालं, २०११ मध्ये ती पद्धत देशाच्या आरोग्य कार्यक्रमात आली आणि आशाताईंच्या खांद्यावर पडली. एका बाळासाठी सहा-सात वेळा घरी जायचं, त्याचा मोबदला अडीचशे रुपये ठरला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक सन्मान केला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण ज्यांचा सन्मान झाला त्या सरकारी कर्मचारी नाहीत, 'स्वयंसेविका' आहेत. आंतरराष्ट्रीय विकासाच्या क्षेत्रात संधी शोधणाऱ्या मुलींनी हे पहिलं लक्षात ठेवावं, की या क्षेत्राच्या सगळ्यात खालच्या पायरीवर आपल्याच गावातली बाई उभी आहे आणि तिच्या पायरीला पगार नाही.

पैशाचंही तसंच. अनेकजणींना वाटतं, परदेशी निधी म्हणजे दूरची गोष्ट. पण महिला आर्थिक विकास महामंडळाचा 'तेजस्विनी' कार्यक्रम, ज्यातून २००७ ते २०१८ या काळात राज्यभर बचत गट आणि लोकसंचालित साधन केंद्रं उभी राहिली, त्याला रोममधल्या 'इफाड' या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेचं अर्थसाहाय्य होतं, आणि तेही प्रामुख्याने कर्जाच्या रूपात. म्हणजे दुचाकीवरून किंवा एसटीने वाड्या पालथ्या घालणारी आपली सहयोगिनी ही आंतरराष्ट्रीय विकासाचीच कार्यकर्ती होती. तिच्या गावात कुणी तिला तसं म्हटलं नाही, आणि अर्जात तो अनुभव कसा लिहायचा हेही तिला कुणी शिकवलं नाही.

आता शांततेकडे येऊ. ३१ ऑक्टोबर २००० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १३२५ क्रमांकाचा ठराव केला. संघर्षाच्या काळात स्त्रियांचं संरक्षण झालं पाहिजे आणि शांततेच्या निर्णयांत त्यांना जागा मिळाली पाहिजे, असं तो सांगतो. शांतता-निर्माणातल्या स्त्रियांसाठीच्या बहुतेक फेलोशिपा, प्रशिक्षणं आणि निधी आज या ठरावाचा आधार घेतात. शंभराहून अधिक देशांनी त्यासाठी राष्ट्रीय कृती-योजना केल्या, भारताने केलेली नाही. नक्षलवाद हा देशांतर्गत कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न आहे, अशीच सरकारची भूमिका राहिली आहे. त्यामुळे धानोऱ्याची किंवा एटापल्लीची बाई कागदोपत्री 'संघर्षग्रस्त' ठरत नाही. तिने आयुष्य मात्र त्याच संघर्षात काढलं आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या ज्येष्ठ माओवादी नेत्याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. बंदुका कमी होत असतील तर त्याचा सगळ्यात जास्त आनंद आपल्याला आहे. पण बंदूक गेली की शांतता आली, असं आपण म्हणू नये. सूरजागडच्या लोहखाणीचे ट्रक ज्या रस्त्याने जातात, त्या रस्त्यावरच्या बायकांना विचारा. शस्त्रं टाकून आलेल्या मुलींचं पुढे काय होतं, त्यांना कोणत्या घरात जागा मिळते, ते विचारा. आणि दारूचं विचारा. १९९३ मध्ये गडचिरोलीत दारूबंदी झाली ती लोकांच्या, त्यातही बायकांच्या रेट्यामुळे. २०१० च्या डिसेंबरात चंद्रपूरच्या हजारो बायका चिमूरहून नागपूरच्या विधानसभेपर्यंत पायी गेल्या, २०१५ मध्ये बंदी मिळवली आणि २०२१ मध्ये ती सरकारने उठवली. बंदीच्या परिणामांबद्दल आपल्यात मतभेद आहेत, ते असू द्या. पण रात्री मार न खाता झोपता यावं म्हणून एवढं चालणाऱ्या बायकांच्या कामाला 'शांतता-निर्माण' म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? नागालँडच्या मातांनी रक्तपात थांबवण्यासाठी मोहीम काढली तेव्हा जगाने त्याला हाच शब्द वापरला. तो आपल्याही कामाला लागू पडतो, आणि अर्जात तो लिहायला आपण लाजू नये.

तर मग मुलींना काय सांगायचं? मी सांगते, की जरूर जा. इंग्रजी शिका, पारपत्र काढून ठेवा, केलेल्या कामाची वही लिहा, कारण अर्जात अनुभवाचे पुरावे मागतात आणि वर्षांनंतर तारखा आठवत नाहीत. पुण्यातल्या सिम्बायोसिस विद्यापीठात रोटरीने शांतता केंद्र काढण्याचं २०२४ मध्ये जाहीर केलं, म्हणजे अशा शिक्षणासाठी आता सातासमुद्रापारच जावं लागेल असं नाही. पण पदवी आणि इंग्रजीचा उंबरठा तिथेही आहे. २०१२ मध्ये पंतप्रधान ग्रामविकास फेलो गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत आले, त्यांतल्या काहींनी मनापासून काम केलं, पुढे ती योजनाच संपली. फेलो येतात आणि जातात, गावातली कार्यकर्ती तिथेच असते. म्हणून फेलो होणाऱ्या मुलीने पहिल्या दिवशी स्वतःला विचारावं, की मी गेल्यावर हे काम कोण करणार आहे, आणि ते तिला आजपासून कसं शिकवता येईल.

आणि परदेशी निधीच्या भरवशावर कुणीही घर बांधू नये. २०२० च्या कायदा-दुरुस्तीनंतर परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आहे. मोठ्या संस्थेमार्फत थोडेफार पैसे मिळवून चालणारे आपल्यासारखे छोटे गट त्यातच बाहेर पडले. २०२५ मध्ये अमेरिकेने आपली 'यूएसएड' ही मदत-संस्थाच बंद केली. दूरच्या कुणाच्या तरी निवडणुकीवर इथल्या बाईचं मानधन अवलंबून असावं, हे आपण आणखी किती दिवस चालवून घ्यायचं?

पैसा आपल्या जिल्ह्यांतही आहे, तो मागायला मात्र आपण शिकलेलो नाही. खाणींच्या उत्पन्नातून जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे निधी जमतो. तो खाणबाधितांसाठी आहे आणि बाधितांत निम्म्या बायका आहेत. पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के अबंध निधी २०१५ पासून थेट मिळतो. तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभेने ठरवायचं असतं. आणि वनहक्क आहेत. मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये त्यांनी स्वतःचा बांबू स्वतः विकला. नुकतेच, जानेवारी २०२५ मध्ये, आपल्यातून गेलेले मोहन हिराबाई हिरालाल तिथे वर्षानुवर्षं अभ्यास गटाचा आग्रह धरत होते: आधी एकत्र बसून समजून घ्या, मग सर्वसहमतीने ठरवा. गावातल्या माणसांना गावातच मिळालेलं ते प्रशिक्षण होतं. त्याला पदवीची अट नव्हती. कोरची तालुक्यात ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली, तेव्हा तिथल्या बायकांनीही तिच्यात आपली जागा मागून घेतली.

तेव्हा माझी सूचना अशी. तेंदू-बांबूच्या उत्पन्नातून आणि अबंध निधीतून प्रत्येक ग्रामसभेने दरवर्षी दोन स्त्रियांच्या प्रशिक्षणासाठी रक्कम बाजूला काढावी. प्रशिक्षण गोंडी, माडिया, मराठीत व्हावं आणि ते आपल्या जिल्ह्यातल्या अनुभवी बायकांनी द्यावं, मानधन घेऊन. दहा-बारा वर्षं काम केलेल्या कार्यकर्तीला ग्रामसभेने आणि आपल्या संघटनेने मिळून अनुभवाचा दाखला द्यावा. निधी देणाऱ्या संस्था आणि विद्यापीठं तो लगेच मानणार नाहीत. तरी प्रत्येक अर्जाला तो जोडत राहावं आणि नाकारला तर कारण लेखी मागावं. मुली अर्ज लिहायला आल्या की त्यांच्याबरोबर गावातल्या एका तरी बाईचा अर्ज लिहायला आपण बसावं. आणि आपण शिकलेल्यांनी दुसऱ्याचं काम व्यासपीठावर मांडण्याआधी तिला विचारावं, की नाव सांगू का, काय सांगू, आणि त्याबदल्यात तुला काय मिळायला हवं?

धानोऱ्याच्या त्या मैत्रिणीला मी हे संपादकीय छापण्याआधी वाचून दाखवलं. नाव लिहू का, असं यावेळी विचारलं. ती बराच वेळ विचार करत राहिली. म्हणाली, "आता नको. दिवस अजून तसे नाईत. पन इचारलंस, हे बरं केलंस." मग तिने विचारलं, पुढच्या प्रशिक्षणाला शिकवायला मी आले तर दिवसाचे किती देणार?

आम्ही आकडा ठरवला आहे. तुमच्या संघटनेत काय ठरलं, ते आम्हाला जरूर कळवा.