पगारपत्रकावरची विद्या

संशोधक नोकरीस ठेवला की त्याची विद्याही कंपनीची झाली, हा समज आम्हांस मान्य नाही. पगारपत्रकावर माणूस येतो. विद्या मुरते ती ऐकणारा कोणी असेल तरच.

झेरॉक्सचे उदाहरण याबाबत नेहमी दिले जाते, पण अर्धवट. १९७० साली या कंपनीने कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथे 'पार्क' ही प्रयोगशाळा काढली. तिथे १९७३ मध्ये 'ऑल्टो' संगणक तयार झाला. चित्रे दाखवणारा पडदा आणि हाताशी माऊस असलेला. वरिष्ठ आंधळे होते म्हणून तो वाया गेला, असे सांगतात. मग गॅरी स्टार्कवेदरचे काय? लेझरने छपाई करण्याची त्याची कल्पना न्यूयॉर्क राज्यातील वेबस्टरच्या प्रयोगशाळेत वरिष्ठांना रुचली नव्हती. १९७१ मध्ये तो पार्कमध्ये आला आणि १९७७ साली झेरॉक्सने '९७००' हा लेझर प्रिंटर बाजारात आणला. त्या धंद्यात कंपनीने अब्जावधी डॉलर कमावले. आंधळ्यांना हे बरे दिसले!

दिसले, कारण लेझर प्रिंटर हे अखेर कागद बाहेर टाकणारे यंत्र. स्टार्कवेदरने पहिला नमुना झेरॉक्सच्याच कॉपियरमध्ये फेरफार करून उभा केला होता. विक्रेत्याला तो विकता येई, दुरुस्ती करणाऱ्याला उघडता येई. ऑल्टो सामावून घेण्यास अशी ओळखीची खुंटी कंपनीत कुठेच नव्हती. कोहेन आणि लेव्हिन्थल यांनी १९९० मध्ये हेच मांडले: नवे किती पचेल, हे आधी काय ठाऊक आहे त्यावर ठरते.

मग माणसेच निघाली. लॅरी टेस्लर १९८० मध्ये ॲपलकडे गेला, चार्ल्स सिमोनी १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे. पार्कमधल्या 'ब्राव्हो'चा अनुभव 'वर्ड'मध्ये उतरला. स्टीव्ह जॉब्सची १९७९ ची पार्कभेट रंगवून सांगण्याची प्रथा आहे. असो. आमच्या मते टेस्लरने बदललेली नोकरी अधिक मोलाची. भेटीत काय साधले ते दिसते. काय फसले आणि का, हे माणसाबरोबरच चालत येते. शिवाय ॲपलमध्ये 'लिसा'चे काम १९७८ पासूनच सुरू होते, म्हणजे टेस्लरला काय विचारावे हे तिथल्या मंडळींना ठाऊक होते.

झेरॉक्सने १९८९ मध्ये ॲपलवर दावा लावला. १९९० मध्ये न्यायालयाने त्यातला बहुतेक भाग फेटाळला.