हृदयाला बाहेरचा विळखा

हृदयविकार म्हटले की रक्तवाहिनीतला अडथळा डोळ्यांसमोर येतो. पण रक्तवाहिन्या मोकळ्या आणि हृदयाचा स्नायू धडधाकट असतानाही हृदय थांबू शकते. कारण त्याला फुलायलाच जागा उरत नाही. हृदयाभोवती दुपदरी आवरण असते. त्यात एरवी १५ ते ५० मिलिलिटर द्रव असतो. तो वाढला की हृदयाचे कप्पे बाहेरून दाबले जातात. वैद्यकात याला ‘कार्डिॲक टॅम्पोनेड’ म्हणतात.

द्रव किती साचला, यापेक्षा किती वेगाने साचला हे महत्त्वाचे. आवरण चिवट असल्याने झटकन ताणले जात नाही. छातीला मार लागून दीड-दोनशे मिलिलिटर रक्त अचानक साचले, तरी जिवावर बेतते. उलट आठवडेच्या आठवडे साचत गेलेला लिटरभर द्रवही काही रुग्ण सहन करतात. सहसा आधी दबतात ते उजवीकडचे कप्पे. त्यांच्या भिंती पातळ आणि आतला दाब कमी असतो. शरीरातून परतणारे रक्त मग आत शिरत नाही. मानेच्या शिरा फुगतात, रक्तदाब घसरतो, ठोके क्षीण ऐकू येतात. अमेरिकी शल्यविशारद क्लॉड बेक यांनी १९३५ मध्ये ही त्रयी मांडली. मात्र प्रत्येक रुग्णात तिन्ही लक्षणे एकदम दिसतीलच असे नाही.

कारणे अनेक आहेत. भारतात क्षयरोग हे त्यांतले प्रमुख. फुफ्फुसाचा वा स्तनाचा कर्करोग, निकामी मूत्रपिंड, मंदावलेली थायरॉइड ग्रंथी, ल्युपस, विषाणुसंसर्ग यांतही द्रव साचतो. हृदयविकाराच्या झटक्यानंतर हृदयाची भिंत फाटली किंवा महाधमनीची भिंत चिरली, तर तेथे रक्तच भरते. दाबणारी गोष्ट दरवेळी द्रवच असते असेही नाही. महाधमनीचा फुगवटा, छातीतली गाठ, क्वचित छातीत वर सरकलेले जठरही डाव्या कर्णिकेवर रेलते.

खरा धोका आहे तो गफलतीचा. धाप आणि पायावर सूज दिसली की ‘हृदय कमजोर झाले’ असे समजून लघवी वाढवणारे औषध सुरू होते. टॅम्पोनेडमध्ये ते घातक ठरू शकते. आधीच अपुरे भरणारे हृदय त्याने आणखी रिकामे राहते. काही मिनिटांची इको तपासणी हा घोळ टाळते. सुईने द्रव काढला की बहुतेकदा रुग्णाला लगेच मोकळा श्वास घेता येतो.

पण द्रव काढला म्हणजे आजार गेला, असे नव्हे. तो द्रव क्षयरोग आणि कर्करोगाच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेत गेलाच पाहिजे. क्षयाचे उपचार अर्धवट राहिले, तर आवरण जाड, कडक होऊन हृदयाला कायमचे जखडते. मग शस्त्रक्रियेने ते काढण्याची वेळ येते. म्हणूनच तालुक्याच्या रुग्णालयात इकोचे यंत्र आणि ते हाताळणारे प्रशिक्षित हात ही चैन मानता येणार नाही. क्षयरोग निर्मूलनाचा हिशेब केवळ फुफ्फुसांपुरता मांडून चालणार नाही. छातीत त्याच फुफ्फुसांच्या मधोमध हृदयही आहे.