विशेषण कोणाचे?

‘द मँगो टेस्ट्स स्वीटली.’ आठवी-नववीच्या वहीत हे वाक्य लिहिणारे मूल बहुधा वर्गात नीट लक्ष देणारे असते. क्रियापदाविषयी अधिक माहिती सांगणारा शब्द म्हणजे क्रियाविशेषण, आणि इंग्रजीत विशेषणाला ‘ली’ जोडले की बहुतेक वेळा ते तयार होते, हे आपणच त्याला शिकवलेले असते. नियम त्याने पाळला. गोडपणा चाखण्याच्या क्रियेचा नसून आंब्याचा आहे, हे मात्र त्याला कोणी दाखवलेले नसते.

कर्त्याला त्याच्या वर्णनाशी जोडणारी ‘टेस्ट’सारखी क्रियापदे, म्हणजे लिंकिंग व्हर्ब्ज, शिकवायची आपली रीत ठरून गेली आहे. फळ्यावर यादी लिहायची: बी, सीम, बिकम, लुक, फील, स्मेल, टेस्ट, साउंड, अपिअर, रिमेन. मुले ती पाठ करतात आणि परीक्षेत क्रियापद अधोरेखित करून गुण मिळवतात. पण यादीतली अर्धीअधिक क्रियापदे वाक्यागणिक काम बदलतात. ‘ही लुक्स अँग्री’ आणि ‘ही लुक्ड अँग्रिली ॲट द डॉग’ या दोन्हींत लुक आहे. पहिला जोडणारा, दुसरा सरळ क्रिया सांगणारा. यादी पाठ असलेले मूल इथे हमखास अडखळते.

मराठी माध्यमाच्या मुलाला हा फरक नवा नाही, कारण त्याची भाषा तो रोज करते. तो रागावलेला दिसतो. त्याने कुत्र्याकडे रागाने पाहिले. आमटी खारट लागली. आजीने आमटी चाखली. इंग्रजी जिथे एकाच क्रियापदावर भागवते तिथे मराठीत बहुधा दोन वेगळी क्रियापदे आहेत. इंग्रजीच्या तासाला मराठी वर्ज्य मानण्याचा आग्रह या पाठापुरता तरी सोडावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्याहून मोलाची मदत मराठीतल्या विशेषणांची होते. मुलगा दमलेला दिसतो, मुलगी दमलेली दिसते, मूल दमलेले दिसते. हा शब्द कर्त्याबरोबर रूप बदलतो, म्हणजे तो कर्त्याचा आहे. उलट मुलगा जोरात धावतो आणि मुलगीही जोरातच धावते. इंग्रजी विशेषणाला लिंग-वचन नसल्यामुळे ‘टायर्ड’ कोणाचा आहे हे त्या वाक्याच्या अंगावर कुठेच दिसत नाही. मराठीत ते कानाला कळते. मात्र उदाहरणे निवडताना गोड, आंबट, कडू टाळावीत. ती अविकारी असल्याने काहीच दाखवत नाहीत.

या कसोटीत एक खाच आहे आणि ती वर्गात लपवू नये. ‘तो चांगला गातो, ती चांगली गाते’ असेही आपण म्हणतो. इथे शब्द कर्त्याप्रमाणे बदलला तरी तो गाण्याविषयी सांगतो, आणि इथूनच ‘शी सिंग्ज गुड’ जन्माला येते. अशा वेळी तो शब्द काढून पाहायला सांगावे. ‘ती गाते’ हे वाक्य उभे राहते. ‘ती दमलेली दिसते’मधून ‘दमलेली’ काढले तर उरलेले ‘ती दिसते’ भलतेच काही सांगते. अशा क्रियापदाला अपूर्ण विधान क्रियापद आणि त्याचा अर्थ पुरा करणाऱ्या शब्दाला विधानपूरक म्हणतात, हे मुले मराठी व्याकरणाच्या तासाला शिकलेली असतात. दोन शिक्षकांनी स्टाफरूममध्ये पाच मिनिटे बोलून हे दोन पाठ एकाच आठवड्यात घेतले, तर निम्मे काम तिथेच होईल.

पूरक नाम असले की गोंधळ वाढतो. ‘शी बिकेम अ डॉक्टर’चे पॅसिव्ह करा म्हटले की ‘अ डॉक्टर वॉज बिकम बाय हर’ असे उत्तर येते, कारण क्रियापदापुढचे नाम म्हणजे कर्म हे मनात घट्ट बसलेले असते. ‘तिने डॉक्टरला बोलावले’ आणि ‘ती डॉक्टर झाली’ ही वाक्ये शेजारी लिहा. दुसऱ्यात ‘ने’ नाही, ‘ला’ नाही. माणूसही एकच आहे.

लिंकिंग व्हर्ब ओळखायला क्रियापदाच्या जागी ‘इज’ किंवा ‘वॉज’ घालून पाहण्याची युक्ती चांगली आहे, पण बदल सांगणाऱ्या क्रियापदांपाशी ती अर्थ थोडा हरवते. क्वर्क आणि सहकाऱ्यांच्या 1985 च्या इंग्रजी बृहद्व्याकरणात या क्रियापदांचे स्थिती सांगणारी आणि परिणाम सांगणारी असे दोन गट केले आहेत, ते शाळेतही उपयोगी पडतात. ‘द मिल्क वेंट सावर’ मधला ‘वेंट’ आपल्या याद्यांत सहसा नसतो. वेंट सावर, टर्न्ड पेल, फेल इल या जोड्या जोड्यांनीच शिकवाव्या लागतात. त्यांना नियम पुरत नाही.

‘आय ॲम अग्री’ ही चूकही याच घरातली. ‘मी सहमत आहे’मधले ‘सहमत’ विशेषण आहे, ‘अग्री’ स्वतःच क्रियापद आहे.

येत्या घटक चाचणीत अधोरेखनाचा प्रश्न वगळून पाहा. लुक, टेस्ट, फील, स्मेल यांपैकी कोणतेही एक क्रियापद द्या आणि त्याची दोन वाक्ये मागा, एक विशेषण घेणारे, एक सरळ क्रिया सांगणारे. उत्तरपत्रिकांतली चुकलेली वाक्ये, मुलांची नावे काढून, आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात त्यांवर सविस्तर लिहू.