मुठीचे दान

बेळगावच्या एका वाचक भगिनींचे पत्र आमच्यापुढे आहे. यजमानांचा कारखाना बंद पडल्यापासून घरची मिळकत निम्म्यावर आली आहे, धाकट्याची फी थकली आहे. आणि रविवारच्या उपासनेत अर्पणाची थैली ओळीतून पुढे येऊ लागली की आपला हात आखडतो, याची त्यांना लाज वाटते. देणे थांबवावे की उसने घेऊन द्यावे, असा त्यांचा प्रश्न आहे. इंदूर-बडोद्याकडील मंडळांच्या वर्गणीपुस्तकांनाही तो लागू पडेल. परंतु पत्र मंडळीच्या दानाविषयी आहे, तेव्हा उत्तरही तेथूनच शोधावे.

उसने घेऊन देऊ नये, हे आम्ही आरंभीच सांगून टाकतो. दशमांशाचा नियम पुष्कळदा धाक घालावा तसा सांगितला जातो. वस्तुतः तो शेतात पिकलेल्याचा आणि कळपात वाढलेल्याचा दहावा भाग होय. लेवीय पुस्तकात मेंढरे काठीखालून जातात आणि दर दहावे देवाचे ठरते; ज्याच्यापाशी नऊच उरली, त्याचे दहावे निघणार कोठून? त्याच पुस्तकात, ज्याला कोकरू परवडत नाही त्याला दोन होले अथवा पारव्याची पिले, आणि तीही परवडत नसतील तर थोडे सपीठ आणण्याची मुभा आहे. बाळ येशूला मंदिरात नेले त्या प्रसंगी लूक पाखरांच्या जोडीचाच उल्लेख करतो. अर्थात ते घर कोकरू देणाऱ्यांपैकी नव्हते.

मग अजिबात थांबवावे काय? येथे आम्हांला मिझोरामच्या गृहिणींची आठवण होते. तेथील प्रेस्बिटेरियन मंडळीत 1910 च्या सुमारास एक प्रथा सुरू झाली, ती आजही चालू आहे. तिचे नाव ‘बुहफाई थाम’, म्हणजे तांदळाची मूठ. स्वयंपाकाला तांदूळ काढले की त्यातली एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकायची. ते तांदूळ गोळा होतात, विकले जातात आणि पैसा मंडळीच्या कामी लागतो. मूठ साधारण 50 ग्रॅमची धरली आणि दिवसाचे दोन स्वयंपाक धरले, तर एका घरातून महिन्याला 3 किलो निघतात. शंभर घरांच्या गावातून वर्षाला 36 क्विंटल! आणि जेवणाऱ्याच्या पानात मात्र काही कमी पडल्याचे जाणवत नाही.

हा प्रदेश काही सुबत्तेचा नव्हता. बांबूला फुलोरा आला की उंदरांची पैदास बेसुमार वाढते आणि ते भाताची शेते फस्त करतात. साधारण 48 वर्षांनी येणाऱ्या या दुष्काळाला मिझो लोक ‘मौताम’ म्हणतात. प्रथा सुरू झाल्यावर अवघ्या एक-दोन वर्षांत, 1911-12 मध्ये, असा दुष्काळ पडला. पुढे 1959 मध्ये पडला, आणि 2007 मध्येही. तरी मूठ बंद झाली नाही.

तिचे मर्म आमच्या मते तीन-चार गोष्टींत आहे. पहिली गोष्ट, हे दान रोख पैशाचे नसल्याने ज्या स्त्रीच्या हाती पैसा नसतो तिलाही ते स्वतःच्या अधिकारात देता येते. यजमानांपुढे हात पसरावा लागत नाही. दुसरे असे की, सावकाराची आणि मजुराची मूठ जवळपास सारखीच, तेव्हा कोणी किती दिले याची चर्चा उरत नाही. शिवाय महागाईत रुपयाची किंमत उतरते, पण मूठभर धान्य मूठभरच राहते; दहा वर्षांपूर्वी ठरलेली वर्गणी आज फारशी उपयोगाची नसते, धान्याचे तसे होत नाही. अन् दान शिजवण्याआधी निघते, उरलेसुरले दिले जात नाही, हेही खरेच.

आपल्याकडे हे अनोळखी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांसाठी खेड्यापाड्यांतून मुष्टिफंडाचे धान्य येत असे. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडातून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. थोडे पण नेमाने, ही रीत मराठी घरांनी चांगली पारखलेली आहे.

आता मंडळीच्या पंचांनाही दोन शब्द. पौलाने यहूदियाच्या पवित्र जनांसाठी वर्गणी जमवली, तेव्हा करिंथच्या मंडळीला त्याने आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याच्या त्याच्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवायला सांगितले. नसलेल्यावरून नव्हे, असलेल्यावरून दान मोजावे. दुसऱ्यांना आराम आणि तुम्हांला ओझे, असा हेतू नाही, हेही त्याने स्पष्ट केले. शिवाय रक्कम न्यायला तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेले बंधू धाडले, ते कोणी दोष काढू नये म्हणून. आज किती ठिकाणी जमाखर्च वर्षातून एकदा तरी भिंतीवर लागतो? हिशोब दिसला नाही तर देणाऱ्याचा हात आखडतो, त्याला अश्रद्धा म्हणता येत नाही. ओढाताणीच्या काळात प्रथम सजावट, ध्वनियंत्रणा, मेजवान्या यांचा खर्च कमी करावा. आणि दात्यांची नावे व रकमा उपासनेत वाचून दाखवण्याची चाल असेल तर ती बंद करावी. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीमुळे प्रार्थनागृहांची दारे लागली, थैली फिरेनाशी झाली. त्या दिवसांत जे काल देत होते तेच उद्या शिधा मागणारे झाले. ही पाळी कोणावरही येते. म्हणून मंडळीच्या पेटीचे तोंड आतून बाहेरही उघडणारे असावे.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींनी फी आधी भरावी. थैलीत पूर्वीइतके पडत नसेल तर पडू नये. पाळकांना स्थिती एकदा सांगून ठेवावी, म्हणजे मनावरचे दडपण उतरेल. स्वयंपाकघरात एक डबा ठेवावा. बेळगावकडे भात आणि ज्वारी दोन्ही खातात, जे शिजेल त्याची मूठ त्यात टाकावी आणि महिन्याअखेर मंडळीतील एखाद्या विधवेच्या वा आजाऱ्याच्या घरी पोचती करावी. एखाद्या आठवड्यात घरातच धान्य संपले, तर डबा उघडून मुलांना जेवू घालावे. पुढच्या आठवड्यापासून पुन्हा मूठ चालू.