जलसंजीवनी आणि बुडालेली मजुरी

पावसाच्या पहिल्या सरी पडल्या की डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील पाड्यांवर विहिरींत व झऱ्यांत गढूळ पाणी उतरते आणि त्यापाठोपाठ जुलाबाचे रुग्ण वाढू लागतात. अशा वेळी घरी उपचार करावा की दवाखाना गाठावा, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाचा वाटतो. वस्तुतः तो बऱ्याच अंशी अर्थशास्त्राचाही आहे. आणि ही बाजू वगळून केलेला आरोग्यप्रचार अर्धवटच राहणार.

जुलाबात मूल दगावते ते बहुधा अंगातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. आतडे साखरेबरोबर मीठ शोषून घेते आणि मिठामागोमाग पाणी, या तत्त्वावर जलसंजीवनी उभी आहे. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात बनगाव येथील निर्वासितांमध्ये पटकीची साथ उसळली. सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याच्या सोड्याचे द्रावण रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले. घरच्या माणसाच्या हातून जीव वाचू शकतो, हे तेथे सिद्ध झाले.

तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९–२१ मध्ये देशात जुलाब झालेल्या बालकांपैकी सुमारे ६१ टक्क्यांनाच जलसंजीवनी मिळाली. झिंकच्या गोळ्या तर जेमतेम ३१ टक्क्यांना. वास्तविक उपाय सोपा आहे. पाकिटावर जेवढे पाणी लिहिले असेल तेवढ्यातच ते सबंध विरघळवावे. पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ अधिक झाल्यास अपाय होतो. हे पाणी घोटघोट पाजावे आणि उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. अंगावरचे दूध थांबवू नये. वरचे अन्न खाणाऱ्या मुलाला भाताची पेज, नागलीची आंबील, ताक चालू ठेवावे. पोटाला विश्रांती म्हणून मुलाला उपाशी ठेवण्याची समजूत घातक आहे. जुलाब बांधणारी औषधे मुलांना देऊ नयेत. झिंकची गोळी मात्र आरोग्य सेविकेच्या सल्ल्याने १४ दिवस पूर्ण करावी.

परंतु घरगुती उपायाला एक सीमा आहे. शौचातून रक्त पडणे, डोळे खोल जाणे, रडताना अश्रू न येणे, सहा तास लघवी न होणे, मूल मलूल होऊन पाणीही न पिणे, प्रत्येक घोट उलटून पडणे, भाताच्या धुवणासारखे भरमसाट जुलाब होणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास वाट पाहणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय. सहा महिन्यांच्या आतील बालकाला तर लक्षणांची वाट न पाहता दाखवावे. वाटेतही जलसंजीवनी पाजत राहावे.

मग लोक उशीर का करतात? केवळ अज्ञान हे त्याचे उत्तर नव्हे. सरकारी रुग्णालयातील उपचार मोफत असले, तरी तेथवर जाणे मोफत नसते. रोजगार हमीचा महाराष्ट्रातील दर २०२५–२६ मध्ये दिवसाला ३१२ रुपये होता. आई मुलाला घेऊन निघाली की तिचा रोज बुडतो. बाप सोबत गेला तर दोघांचा. जीपचे भाडे वेगळेच. त्यात जुलाबाचा हंगाम आणि भाताच्या आवणीचा हंगाम एकच. ज्या आठवड्यांत एक दिवस गमावणे सर्वांत महाग, त्याच आठवड्यांत मूल आजारी पडते. 'उद्या पाहू' हा अडाणीपणा नसून हिशेब आहे. पण आजार एका रात्रीत पालटतो, आणि मग सिल्वासा किंवा वलसाड गाठावे लागते.

बाजारानेही या हिशेबात भर घातली होती. जलसंजीवनीच्या इंग्रजी नावाचा आधार घेऊन साखरेची पेये वर्षानुवर्षे विकली गेली. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्या नावाच्या वापरावर बंदी घातली. गरिबाने औषध समजून सरबतासाठी पैसे मोजणे ही दुहेरी लूट होती.

यावर उपाय शासनाच्या आवाक्याबाहेरचे नाहीत. पावसाळ्यापूर्वीच प्रत्येक पाड्यावर आशा सेविका व अंगणवाडीकडे पाकिटांचा व झिंकचा साठा पोहोचला पाहिजे. कुपोषित बालकाला उपचारासाठी भरती केल्यास मातेला बुडीत मजुरी देण्याची पद्धत आहेच. जुलाबाने अत्यवस्थ झालेल्या बालकाच्या पालकांनाही ती आवणीच्या दिवसांत द्यावी. शाळांतील शिक्षकांनी धोक्याची लक्षणे मुलांकडून पाठ करून घेतली, तर ती घरोघर जातील.

घरचा उपाय हा डॉक्टरला पर्याय नाही. तो अनावश्यक खेप वाचवतो आणि आवश्यक खेपेपर्यंत मूल तगवून धरतो. ती खेप कोणती, हे ओळखण्याची जाण कुटुंबाला देणे आणि तिची किंमत कुटुंबावर पडू न देणे, ही दोन्ही कामे एकत्र झाली तरच पाकिटातील त्या चिमूटभर पुडीला संजीवनी हे नाव शोभेल.