मापाखालचे आनंद

तैत्तिरीय उपनिषदांत आनंदाची जी मोजदाद केली आहे, ती बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. तरुण, सच्छील, विद्वान् व बळकट असा पुरुष असावा, वित्तानें भरलेली सारी पृथ्वी त्याची असावी. त्याचा जो आनंद तें एक माप. मग मनुष्यगंधर्व, देवगंधर्व, पितर, देव असें शंभरपटीनें चढत चढत तें माप थेट ब्रह्मानंदापर्यंत नेलें आहे. साठी उलटलेल्या पेन्शनर शाळामास्तराला या कोष्टकाच्या पहिल्या पायरीवरहि प्रवेश मिळण्याजोगा नाहीं. तारुण्य गेलें, बळ गुडघ्यांतून निघून गेलें, आणि पृथ्वीपैकीं माझ्या वांट्याला गोंदियांत दोन खोल्या व एक ओसरी आली आहे. तेव्हां एकाहून कमी, म्हणजे गणिताच्या तासाला ज्यांना अपूर्णांक म्हणतात, तसल्या आनंदांवरच माझा चरितार्थ चालतो. या मार्गशीर्षांत असे कांहीं अपूर्णांक हातीं लागले, ते वाचकांपुढें ठेवतों.

नवा चिन्नोर तांदूळ घरीं आला. त्याचा भात शिजूं लागला म्हणजे जेवणाची हांक येण्यापूर्वींच वास ओसरीपर्यंत चालत येतो, आणि हातांतलें पुस्तक आपोआप मिटतें. हें धान उशिरा हातीं येणारें व उत्पन्नानें कमी, म्हणून पुष्कळ शेतकरी तें घरापुरतेंच लावतात. ‘भंडारा चिन्नोर’ या नांवानें त्याला २०२३ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. आमचा जिल्हा १९९९ पर्यंत भंडाऱ्याचाच भाग होता. तेव्हां त्या मानांत आमचाहि घांसभर वांटा आहे असें आम्ही धरून चालतों.

दुसरा आनंद बाजारांतला. सध्यां उकडलेल्या शिंगाड्यांच्या टोपल्या जागोजाग दिसतात. माझी नऊ वर्षांची नात काळें साल सोलतां सोलतां म्हणाली, “आबा, याला शिंगें कशाला हो?” मीं सांगितलें कीं शिंगें आहेत म्हणूनच हा शृंगाटक, आणि शृंगाटकाचा शिंगाडा झाला. ओघांत हेंहि सांगितलें कीं अमरकोशांत शृंगाटक हें चौकाचेंहि नांव आहे. रस्ते शिंगांसारखे चोहों बाजूंना फुटतात ना! ती कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं गर्दीच्या चौकांत, रिक्षा व मोटारसायकली यांच्या मधोमध, माझा हात धरून ती मोठ्यानें म्हणाली, “आबा, आपण शिंगाड्यांत उभे आहोंत!” शब्दरूपावली घोकवून घेण्यांत माझीं कित्येक वर्षें गेलीं, पण शब्द असा कोणाच्या पायांखालीं आलेला मीं पाहिला नव्हता. पाणिपात्र भरून वाहिल्यासारखें झालें.

हे शिंगाडे काढणारे ढिवर बांधव थंडीच्या दिवसांत तलावांत उतरतात, आणि त्या शिंगांनीं त्यांचीं बोटें सोलून निघतात, हें तिला पुढच्या वेळीं सांगावयाचें आहे. तलाव नसते तर या मुलखांत ना शिंगाडा असता, ना चिन्नोर. येथील पुष्कळसे तलाव कोहळी लोकांच्या पूर्वजांनीं बांधलेले. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकांत कोलू पाटील कोहळी यांनीं बांधला अशी परंपरा आहे. टेकड्यांच्या मधल्या फटी मातीच्या पाळीनें बुजवून पावसाचें पाणी अडवावयाचें आणि खालच्या बांध्यांना तें बेतानें सोडावयाचें, हें त्यांचें शास्त्र. त्या पाण्यावर भात पिकतो, आणि त्या भातांत सारस घरटें करतो.

सारसाविषयीं थोडें विस्तारानें लिहितों, कारण महाराष्ट्रांतील जवळजवळ सारे सारस आतां आमच्याच जिल्ह्यांत उरले आहेत. जवळजवळ पुरुषभर उंचीचा, राखी रंगाचा, लाल डोक्याचा हा पक्षी. अमरसिंहानें क्रौंच आणि सारस हीं दोन नांवें वेगळीं दिलीं आहेत, तरी वाल्मीकींच्या शोकाला कारण झालेलें जोडपें सारसांचेंच होतें असें ज्युलिया लेस्ली या विदुषींनीं १९९८ मध्यें एका लेखांत प्रतिपादिलें. वाद पंडितांनीं मिटवावा. मीं मात्र परसवाड्याकडच्या शेतांत या जोडप्याची पहाटेची हांक ऐकली आहे. एकाचा स्वर संपण्यापूर्वीं दुसऱ्याचा त्यांत मिसळतो, आणि धुक्यांत उभें असलेलें माणूस आपण कोठें आलों हें क्षणभर विसरतें. त्या जोडप्यांतला एक पडला तर ऐकणाऱ्याच्या तोंडून श्लोक निघावा, यांत मला नवल वाटत नाहीं.

तेथल्या एका शेतकऱ्याच्या उभ्या धानांत पावसाळ्यांत या जोडप्यानें घरटें केलें. भोंवतालचें धान मोडून, गवत व पेंढा रचून केलेला तो ढीग म्हणजे पिकाचें उघड नुकसान. नरमादी आळीपाळीनें महिनाभर अंड्यांवर बसलीं. शेतकऱ्यानें त्या अंगाला ना औषध फवारलें, ना कुत्रें फिरकूं दिलें. मीं नुकसानीची गोष्ट काढली तेव्हां तो म्हणाला, “थेइचं घर हाय गुरुजी, मोडाचं कसं?” पुढें तो लगेच यूरियाच्या भावाकडे वळला.

अंडीं दोन होतीं. पिल्लूं एकच राहिलें. आतां धान कापलें गेलें आहे, आणि तें बदामी रंगाचें पिल्लूं कापलेल्या बांधींतून आईबापांच्या मागें लांब टांगा टाकीत दाणे वेंचीत हिंडतें. मोठीं दोघें मान उंचावून पाहतात, तें खालींच मान घालून खातें. गेल्या पंधरवड्यांत तीन वेळां जाऊन मीं एवढेंच पाहिलें, आणि तिन्ही वेळां घरीं परततांना गुडघे दुखत नव्हते. (चौथ्या दिवशीं दुखले.) पण त्या शेतावरून विजेच्या तारा गेल्या आहेत. सारसांना विषारी औषधें मारतात, तशाच या ताराहि मारतात, आणि तें पिल्लूं लवकरच उडूं लागेल. हे पक्षी वांचावे म्हणून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें २०२१ मध्यें स्वतः होऊन या प्रश्नाची दखल घेतली होती. न्यायासनाला जी काळजी वाटली ती आतां त्या शेतकऱ्यालाहि लागली आहे. बोलतां बोलतां त्याची नजर वर तारांकडे जाते.

निघतांना त्याच्या घरधनिणीनें लाखोळीचे कोंवळे शेंडे पदरांतून माझ्या पिशवींत ओतले. धान उभें असतांनाच ओल्या जमिनींत टाकलेलें हें बीं, धान निघाल्यावर उरलेल्या ओलीवर वाढतें. भाजी झाली, आणि नातीनें कधीं नव्हे ती दुसऱ्यांदा मागून घेतली. ती कुणाच्या शेतांतली हें कळल्यावर तिनें पिल्लाला पाहावयाचा हट्ट धरला आहे. रविवारीं जावयाचें ठरलें. तिला पहाटे पांचला उठविण्याची कामगिरी घरांतून माझ्याकडे सोंपविण्यांत आली आहे.